साचलेल्या पाण्यातून आणि पुरातून ई-बाइक नेताना

ई-बाइक पाण्यात घालायची वेळ आली की सगळे एकच विचारतात: पाणी किती आहे? खोली बघायचीच. पण मोटर किती तापलेली आहे आणि बाहेर आल्यावर चार्जर कधी लावणार, हे दोन प्रश्न सहसा कुणाला सुचत नाहीत, आणि बाइक निकामी होते ती बहुधा त्यांच्यापायीच.

वाहत्या पाण्याचं आधी सांगून टाकतो: त्यात उतरायचं नाही. घोट्याच्या जरा वर, म्हणजे १५ सेमी, पण वेगाचं पाणी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ढकलणारा जोर चौपट होतो, आणि दोन चाकं, तारा, पेडल नि तुमचे पाय मिळून त्या पाण्याला जोर लावायला भरपूर जागा देतात. पुढचं सगळं साचलेल्या, जवळपास स्थिर पाण्यासाठी आहे. ३६ किंवा ४८ व्होल्टच्या, पेडल असलेल्या सायकलींसाठी. इलेक्ट्रिक स्कूटरला तत्त्वं हीच लागू पडतात, मापं मात्र वेगळी.

आधी बाइक मोजा

सपाट जमीन, टायरमध्ये नेहमीची हवा, हातात टेप. जमिनीपासून या उंच्या मोजून लिहून ठेवा: पेडल अगदी खाली असताना त्याचा तळ, बॉटम ब्रॅकेटचा (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या भागाचा) मध्य, हब मोटरच्या (चाकाच्या मध्यात बसवलेल्या मोटरच्या) डब्याचा तळ, ॲक्सल (चाकाचा आस), आणि बॅटरी ज्या कनेक्टरवर बसते तो कनेक्टर. कंट्रोलरचा, म्हणजे मोटरला वीज सोडणाऱ्या सर्किटचा, डबा वेगळा असेल तर त्याचा तळही.

अंदाजासाठी काही आकडे. ७००सी चाक आणि ३८ मिमीचा टायर असेल तर ॲक्सल जमिनीपासून सुमारे ३५ सेमीवर येतो. २६ इंची चाकात ३३, घडीच्या २० इंची सायकलीत जेमतेम २५. आत गिअर असलेल्या हब मोटरची त्रिज्या साधारण ७-८ सेमी असते, गिअर नसलेल्या डायरेक्ट ड्राइव्हची ११-१२. म्हणजे ७००सी चाकात गिअरवाली मोटर २७ सेमी पाण्याला टेकते, डायरेक्ट ड्राइव्ह २३ सेमीलाच. टेकली म्हणजे लगेच पाणी आत गेलं असं नाही. कव्हरच्या सांध्याला गॅस्केट धड असेल तर खरी धोक्याची रेघ ॲक्सलच्या दोन-तीन सेमी खाली असते, कारण बेअरिंग आणि वायर बाहेर येते ते भोक तिथे आहे.

मिड-ड्राइव्हवाल्यांचा (मोटर पेडलपाशी असलेल्यांचा) एक गैरसमज असतो की मोटर चाकात नाही म्हणजे ती उंचावर आहे. उलट आहे. बॉटम ब्रॅकेट बहुतेक सायकलींमध्ये २७ ते ३० सेमीवर असतो आणि मोटर त्याच्या आजूबाजूलाच लटकलेली असते. पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर, क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) सील सगळं तिथेच. हब मोटरच्या आधी मिड-ड्राइव्ह बुडते.

१७० मिमीचा क्रँक असेल तर पेडल खाली १० ते १३ सेमीपर्यंत येतं, म्हणजे पाय ओला होऊ लागला की पाणी तेवढं आहे हे कळतं. उतरून बघायचं झालं तर स्वतःचं शरीर हीच मोजपट्टी: घोटा बुडला तर १० सेमीच्या आसपास, अर्धी पोटरी म्हणजे २५ ते ३०, गुडघा म्हणजे ४५ ते ५०. आपली नेमकी मापं एकदा मोजून ठेवलेली बरी, माणसागणिक ती बदलतात. मोटरच्या तळाच्या ५ सेमी खालच्या उंचीवर फोर्कला लाल चिकटपट्टीची एक रेघ मारून ठेवा. भर पावसात डोकं चालत नाही तेव्हा ती रेघ कामाला येते.

आमचा ठोकताळा असा: पेडल बुडेपर्यंत बिनधास्त, फक्त सावकाश. तिथून लाल रेघेपर्यंत रस्ता पायाखालचा असेल तरच आणि तोही थोड्या अंतरापुरता. रेघ बुडाली की उतरायचं, पॉवर बंद करायची आणि ढकलत न्यायची. ॲक्सल बुडणार असेल तर बॅटरी काढून पाठीवर घ्यायची किंवा सरळ मागे फिरायचं. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर बाइक उंच जागी बांधून ठेवा आणि विसरा.

पाणी आत ओढलं जातं, ढकललं जात नाही

तीस-चाळीस सेमी पाण्याचा दाब तसा किरकोळ असतो. बेअरिंगचा रबरी सील तेवढा दाब काही मिनिटं सहज थोपवतो. मग हब मोटरमधून अर्धा कप गढूळ पाणी निघतं ते येतं कुठून?

चढ चढून, सामान ओढून आलेल्या मोटरच्या पोटातली हवा ७० अंश सेल्सिअसला असू शकते. ती मोटर २५ अंशांच्या पाण्यात बुडाली की आतली हवा झपाट्याने थंड होऊन आकसते आणि आतला दाब सुमारे १३ टक्क्यांनी उतरतो. हा फरक साधारण १.३ मीटर खोल पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे चाक ३५ सेमी पाण्यात असलं तरी मोटरच्या सीलला ती जणू सव्वा मीटर खोल बुडवल्यासारखी वाटते. सगळ्यात सोपी वाट मिळेल तिथून, बहुतेक वेळा वायरशेजारच्या फटीतून किंवा बेअरिंगच्या ओठातून, ती पाणी शोषून घेते. नंतर मोटर परत तापली की हवा बाहेर पडते, पाणी मात्र आतच राहतं. असं तीन-चारदा झालं की हबमध्ये कायमचा ओलावा.

बाइकवर छापलेल्या आयपी आकड्याचा, म्हणजे पाण्या-धुळीपासूनच्या संरक्षणाच्या दर्जाचा, अर्थही यावरून लावायचा. आयपीएक्स४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसणं, एवढंच. युरोपच्या ईएन १५१९४ मानकाने पूर्ण जोडलेल्या ई-बाइककडून मागितलेली पातळी हीच आहे, आणि त्यात बुडण्याचा संबंधच येत नाही. आयपीएक्स५ आणि ६ हे पाण्याच्या फवाऱ्यासाठी. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. पण ही चाचणी घेताना वस्तूचं आणि पाण्याचं तापमान पाच अंशांहून जास्त वेगळं नसावं असा नियम आहे. तापलेल्या मोटरची ती चाचणीच नव्हे. शिवाय ती नव्या कोऱ्या नमुन्यावर होते. दोन वर्षं धक्के खाल्लेल्या सीलबद्दल तो आकडा काही सांगत नाही. आणि एक: ७ मिळाला म्हणजे ५ आणि ६ आपोआप मिळाले असं धरू नका. बुडवून पास झालेला डबा पाइपच्या धारेखाली गळू शकतो.

म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय: पाण्याच्या आधीचे एक-दोन किलोमीटर असिस्ट (पेडल मारताना मिळणारी मोटरची मदत) बंद करून नुसतं पेडल मारत या. चाक फिरत राहतं, वारा लागतो, मोटर निवते. तेवढं अंतर नसेल तर पाण्याच्या काठाला १५-२० मिनिटं थांबा. हबच्या डब्यावर तळहात दहा सेकंद आरामात ठेवता येत नसेल तर अजून थांबा. बाहेरचं कव्हर कोमट लागतं तेव्हा आतली गुंडाळी त्याहून गरम असते. वरून बाटलीने पाणी ओतून थंड करायच्या फंदात पडू नका, तेच पाणी ओघळून बेअरिंगशी येतं आणि आत ओढलं जातं.

पाऊस सुरू होण्याआधीची कामं

सामान फार नाही: सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब, स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉन टेप, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन सीलंट, साधा मल्टिमीटर आणि बॅटरी मावेल एवढी गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग.

सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं आणि ते तांब्याला खातं. कनेक्टर किंवा सर्किटच्या जवळ ते चालणार नाही. डब्यावर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं असेल तेच घ्या.

कामाला सुरुवात करताना बॅटरी काढा आणि मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कंट्रोलरच्या कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज त्याने निघून जातो. नंतर एकेक कनेक्टर सोडवून बघा. हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या, तोंडाशी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या आणि खटकन बसेपर्यंत दाबा. गोल, बाणाची खूण असलेले कनेक्टर असतील तर बाण समोरासमोर आणून सरळ दाबायचे, पिळायचे नाहीत. पिना वाकतात आणि मग रबराचा ओठ नीट बसत नाही. चौकोनी पांढरे प्लॅस्टिक कनेक्टर पाण्यापुढे मुळीच टिकत नाहीत. ते कंट्रोलरच्या पिशवीत असतील तर पिशवीच्या वरच्या भागात आणा.

जोडलेल्या कनेक्टरवर सिलिकॉन टेप गुंडाळताना ती दोन-तीन पट ताणा, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवा आणि खालून वर जा, म्हणजे कौलांसारखे पदर पडून पाणी बाहेरून ओघळतं. पक्की एकजीव व्हायला तिला जवळपास एक दिवस लागतो, त्यामुळे निघायच्या तोंडावर गुंडाळून उपयोग नाही.

वायरला प्रत्येक डब्याजवळ खाली झोळ द्या. वायर वरून सरळ डब्यात शिरत असेल तर पाणी तिच्यावरून चालत आत जातं. खाली झोळ असेल तर ते तळाशी थेंब होऊन गळतं. हब मोटरची वायर ॲक्सलमधून बाहेर येते तिथेही हेच. त्या तोंडाशी वायर आणि ॲक्सलमधली फट न्यूट्रल सिलिकॉनने भरा, २४ तास हात लावू नका.

हबच्या कव्हरला निचऱ्यासाठी ३ मिमीचं भोक पाडावं का, यावर बरेच वाद होतात. रोज नुसत्या पावसात चालणाऱ्या डायरेक्ट ड्राइव्हला त्याचा फायदा आहे, ओलावा बाहेर पडायला वाट मिळते. पण ज्याला पाण्यात उतरायचं आहे त्याने ते पाडू नये. वॉरंटीही तिथेच संपते.

डिस्प्ले आणि थ्रॉटलकडे (पिळून मोटर चालवायच्या मुठीकडे) दुर्लक्ष होतं कारण ते उंचावर असतात. थ्रॉटलला तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. सोडलेल्या थ्रॉटलचा सिग्नल एक व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण पिळला की चारच्या जवळ. ओलाव्याने ५ व्होल्ट आणि सिग्नल जोडले गेले, किंवा ग्राउंड तुटला, तर कंट्रोलरला वाटतं तुम्ही थ्रॉटल पूर्ण पिळलाय, आणि बाइक आपोआप सुटते. पेडल-असिस्टवर काम भागत असेल तर अतिवृष्टीच्या दिवसांत थ्रॉटलचा कनेक्टर काढून दोन्ही तोंडं टेपने बंद करून ठेवा. ठेवायचा असेल तर ब्रेक लिव्हरचा मोटर-कट चालतो की नाही हे चाक उचलून तपासा. बाइक सुटलीच तर ब्रेक दाबून धरून पॉवर बंद करणं एवढंच हातात असतं.

ओलांडताना

काठावर उभं राहून पाच मिनिटं पाणी बघा. काडीकचरा एका दिशेला सरकतोय का? कुठे भोवरा दिसतोय का? भोवरा म्हणजे खाली उघडं चेंबर, आणि त्याच्या कडेने जायचं धाडसही नको. रस्त्याचा मध्य सहसा उंच असतो, गटारं आणि चेंबर कडेला. म्हणून मधूनच जा. रस्ता रोजचा नसेल तर आधी काठी घेऊन चालत जाऊन या. विजेचा खांब, रस्त्यावरचा फीडर बॉक्स, लोंबकळणारी तार यांच्या आसपास पाणी असेल तर तो मार्ग सोडा. तुमच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा ती वीज कितीतरी घातक आहे. पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं तर पाय जवळ ठेवून, न उचलता घासत आल्या वाटेने मागे या, आणि कशालाही हात लावू नका.

मोठी गाडी पुढे गेली की तिच्यामागून येणारी लाट पाणी क्षणभर १०-१५ सेमीने चढवते. लाल रेघ वाचवून चाललेल्या बाइकचं ॲक्सल अशा लाटेनेच बुडतं. गाडीला पुढे जाऊ द्या, लाट बसू द्या.

सीट दोन-तीन सेमी खाली घ्या म्हणजे पाय पटकन टेकतो. पेडलला पट्टे असतील तर सोडा. पाण्यात शिरण्याआधीच हलका गिअर टाका, असिस्ट सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा आणि चालण्याच्या वेगापेक्षा किंचित जास्त, ताशी ५-६ किलोमीटरने, एकसारखे जा. जोरात घातलेली बाइक पुढच्या चाकासमोर पाण्याचा फुगवटा तयार करते आणि तो मागच्या हबपर्यंत चढतो. पेडल पूर्ण फिरवण्याऐवजी अर्धे-अर्धे मारले तर पाय कमी वेळ पाण्यात जातो आणि पाण्याखालच्या दगडाला क्रँक आपटत नाही.

थांबलात आणि परत सुरू करायची झाली तर उतरा. पाण्याच्या विरोधात जवळपास थांबलेल्या चाकाला मोटर जोर लावते तेव्हा आत गेलेल्या विजेचा मोठा भाग नुसत्या उष्णतेत जातो. मोटर तापते आणि पाण्यातच निवते, म्हणजे आधी सांगितलेला शोषण्याचा प्रकार पुन्हा सुरू. कंट्रोलरही तापतो आणि त्याला पाण्याचा थंडावा मिळत नाही.

जाड टायरवाल्यांनी विशेष लक्ष द्या. ४ इंची टायरमध्ये सुमारे १५ लिटर हवा मावते. चाक ॲक्सलपर्यंत बुडालं की तो एकेक टायर सात-आठ किलोने बाइक वर उचलतो. वाळूत मजा देणारं चाक इथे रस्ता सोडतं आणि बाजूला सरकतं. साध्या २ इंची टायरमध्ये चारेक लिटरच हवा, त्यामुळे तो जमिनीला बरा चिकटून राहतो.

ढकलत नेताना वॉक मोड (मोटरने चाक हळू फिरवायची सोय) वापरू नका, पॉवर पूर्ण बंद ठेवा. बॅटरी काढलीत तर तिचं वजन अडीच ते साडेतीन किलो असतं. ड्राय बॅगमध्ये घालून तोंड तीन वेढे गुंडाळून पाठीवर घ्या. बॅटरीच्या रिकाम्या बैठकीतल्या पिनांवर टेप लावायला विसरू नका. मधेच ओढ जाणवली तर बाइक प्रवाहाच्या खालच्या अंगाला ठेवा म्हणजे ती तुमच्यावर ढकलली जात नाही. ओढ वाढली तर बाइक सोडून द्या.

बाहेर आल्यावर पहिला तास

ब्रेक हलके दाबत वीस-तीस मीटर चाला. डिस्क आणि पॅडवरचं पाणी घासून निघतं. रिम ब्रेकला जास्त अंतर लागतं. पुराच्या पाण्यावर तेलाचा तवंग असतोच. पॅड किंचाळत असेल किंवा ब्रेक लागतच नसेल तर डिस्क आयसोप्रोपिलने पुसा आणि पॅडचा वरचा थर सँडपेपरने घासा. तेल मुरलेला पॅड बदलावाच लागतो.

पाणी ॲक्सलच्या किंवा मिड-ड्राइव्हच्या उंचीला पोचलं असेल तर 'चालते का बघू' म्हणून पॉवर चालू करू नका. हॉल सेन्सरची (मोटरचा फिरता भाग कुठे आहे हे कळवणाऱ्या सेन्सरची) ५ व्होल्टची वायर आणि मोटरला वीज देणारी जाड फेज वायर एकाच केबलमधून येतात. कनेक्टरमध्ये पाण्याचा एक थेंब या दोघींना जोडतो आणि ३६-४८ व्होल्ट सेन्सरमध्ये शिरतात. सेन्सर जातो, कधी कंट्रोलरही. त्या थेंबाला वाळायला वेळ दिला असता तर काहीच झालं नसतं.

बॅटरी काढा, पिना बघा, पुसा. सीट-पोस्ट उपसून बाइक तिरकी करून फ्रेममधलं पाणी निथळू द्या. बॉटम ब्रॅकेटखाली निचऱ्याचं छोटं भोक असतं, चिखलाने बुजलेलं असेल तर तारेने मोकळं करा. बाइक उलटी मात्र करू नका. फ्रेममधलं पाणी डिस्प्लेच्या वायरीतून आणि बॅटरीच्या बैठकीतून फिरून येईल. पाणी समुद्राचं किंवा खाडीचं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, बादली आणि फडक्याने, धुऊन काढा. प्रेशर वॉशर नको.

स्वतःचे पायही साबणाने धुवा. जखम असेल तर लक्षात ठेवा: लेप्टोस्पायरोसिसची लक्षणं २ ते ३० दिवसांत कधीही दिसू शकतात, तेव्हा ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचं सांगा.

हबमध्ये पाणी गेलं असेल तर

चाक उचलून हळू फिरवा आणि कान लावा. खळखळ ऐकू आली तर संशयच नाही. आवाज नसला तरी ॲक्सलजवळ दुधट किंवा तपकिरी ग्रीस ओघळलेलं दिसलं तर पाणी आत आहे. पाण्यात घोटलं गेलेलं ग्रीस दुधट होतं.

चाक काढा. नट बहुतेक वेळा १८ मिमी पान्याचे असतात. वॉशर कोणत्या क्रमाने होते त्याचा फोटो काढा, विशेषतः फोर्कच्या खाचेत अडकणारा दातेरी टॉर्क वॉशर, जो विसरला तर ॲक्सल गरकन फिरून वायर पिळवटून तोडतो. वायरची बाजू खाली करून चाक रात्रभर टेकवून ठेवा. नुसतं पावसाचं पाणी थोडं गेलं असेल तर एवढं आणि मग दोन दिवस कोरड्या हवेत ठेवणं पुरतं. गढूळ किंवा खारं पाणी गेलं असेल तर कव्हर उघडावंच लागतं, कारण पाणी वाळतं, माती आणि मीठ राहतं. कव्हर ओढताना चुंबक झटक्याने खेचतात, बोटं सांभाळा. आतला भाग गोड्या पाण्याने आणि मग आयसोप्रोपिलने धुवा, ६० अंशांच्या आतल्या उबदार हवेत पूर्ण दिवस वाळवा. नायलॉनच्या गिअरचं जुनं ग्रीस पूर्ण पुसून प्लॅस्टिकला चालणारं नवं, दातांवर पातळ थर बसेल इतकंच लावा. हब गच्च भरला तर जास्तीचं ग्रीस क्लचमध्ये जातं आणि तो घसरू लागतो.

जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. मोटर कंट्रोलरपासून सुटी असताना तिन्ही फेज वायरींपैकी कोणतीही एक आणि ॲक्सल यांच्यात सर्वांत मोठ्या ओहम रेंजवरही काही दिसता कामा नये. किलोओहममध्ये आकडा आला तर अजून ओल आहे, परत वाळवा. नंतर सगळं जोडून, पॉवर चालू करून, हॉल कनेक्टरच्या मागून काळी प्रोब ग्राउंडला आणि लाल एकेका सिग्नल वायरला लावून चाक हळू फिरवा. तिन्ही सिग्नल शून्य आणि पाचच्या आसपास उड्या मारत राहिले पाहिजेत. गिअरवाल्या हबमध्ये चाक उलटं फिरवा. पुढे फिरवलं तर आतल्या क्लचमुळे रोटर (मोटरचा फिरता भाग) फिरतच नाही आणि चांगले सेन्सर मेलेले वाटतात. ॲक्सलचे नट ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. तुमच्या मोटरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

बॅटरी बुडाली असेल तर

इथे काटकसर करू नका. ३६ व्होल्टच्या बॅटरीत १० सेल ओळीने जोडलेले असतात, ४८ मध्ये १३. पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ आणि ५४.६ व्होल्ट. पाण्याचं विघटन सुरू व्हायला सव्वा व्होल्ट पुरतात. त्यामुळे आत शिरलेलं पाणी नुसतं बसून राहत नाही. निकेलच्या पट्ट्या आणि बीएमएसच्या (सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटच्या) केसाएवढ्या बारीक वायरी खात राहतं. त्यातली एक वायर गंजली की बीएमएसला त्या सेलचं व्होल्टेज चुकीचं कळतं, आणि चार्जर लावला की तो सेल मर्यादेबाहेर भरला जाऊ शकतो. आग लागते ती अशी, पाण्यातून काढल्यानंतर कितीतरी दिवसांनी. २०२२ मध्ये फ्लोरिडात 'इयन' चक्रीवादळाच्या खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर पेटल्या होत्या.

बॅटरीच्या डब्यावर फक्त शिंतोडे उडाले असतील तर बाहेरून पुसा, व्होल्टेज मोजून लिहा, २४ तासांनी परत मोजा. काही न जोडता अर्ध्या व्होल्टहून जास्त उतरलं असेल तर आत गळती चालू आहे. उतरलं नसेल, पिना कोरड्या असतील, हलवल्यावर आवाज नसेल, तर चार्जर लावा. पहिला चार्ज दिवसा, उघड्यावर, तुम्ही जवळ असताना.

बॅटरी प्रत्यक्ष बुडाली असेल, चार्जिंग-लाइटच्या काचेमागे वाफ दिसत असेल, सांध्यातून गंजाचं पाणी येत असेल किंवा गोडसर वास येत असेल तर ती कधीच चार्ज करायची नाही. उघडायची नाही, उन्हात तापवायची नाही, हेअर ड्रायर नाही, तांदळाच्या डब्यात तर नाहीच. घराबाहेर, सिमेंटवर किंवा मातीवर, भिंतीपासून आणि गाड्यांपासून १५ मीटर दूर ठेवा. विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे देताना ती पुरात बुडाल्याचं स्पष्ट सांगा. तिच्यातून फुसफुस आवाज किंवा धूर आला तर जवळ जाऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा आणि लिथियम बॅटरी आहे हे आधी सांगा.

चार्जर भिजला तर टाकून द्या. तो घरच्या विजेवर चालतो आणि त्याचा धोका बॅटरीहून वेगळा आहे. पुराचा इशारा असेल त्या रात्री तळमजल्यावर बाइक चार्जिंगला लावून झोपू नका. बॅटरी काढून वरच्या मजल्यावर न्या.

दोन-तीन आठवड्यांनी दिसणारे दोष

मोटर सुरू होताना कचकच हिसके देऊन मग नीट चालत असेल तर एका हॉल सिग्नलच्या पिनेवर गंज आहे. डिस्प्ले चालू, बॅटरी भरलेली, पण मोटर ढिम्म, असं झालं तर आधी ब्रेक लिव्हरचे मोटर-कट कनेक्टर एकेक सोडवून बघा. आत ओल असली की कंट्रोलरला ब्रेक दाबलेलाच वाटतो. तो सोडवल्यावर मोटर चालली तर दोषी सापडला. पण लिव्हर बदलेपर्यंत थ्रॉटल वापरू नका. पेडल-असिस्ट मधेच सुटत असेल तर क्रँकजवळच्या चुंबकाच्या चकतीवर लोखंडी गाळ चिकटलाय का पाहा. पुराच्या चिखलात तो भरपूर असतो, ओल्या फडक्याने निघतो. ओढ लागल्यावर डिस्प्ले विझत असेल तर बॅटरीच्या बैठकीतल्या मुख्य पिना तपासा.

हबमधून घरघर, विशेषतः मोटर बंद असताना चाक फिरवल्यावर, म्हणजे बेअरिंग गेलं. वाट बघू नका; झिजलेल्या बेअरिंगवर रोटर कलतो आणि चुंबक स्टेटरला (मोटरच्या स्थिर भागाला) घासू लागतात. बेअरिंगच्या सीलवर नंबर कोरलेला असतो, उदाहरणार्थ ६००१ २आरएस. तोच नंबर आणि शेवटचं '२आरएस' घेऊन दुकानात जा. त्याचा अर्थ दोन्ही बाजूंना रबरी सील. 'झेडझेड' लिहिलेलं मिळालं तर घेऊ नका. त्याला पत्र्याच्या चकत्या असतात, त्या धूळ अडवतात, पाणी नाही. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदमच बदला.